निर्वासितांच्या गावातला कोच

खिलाफत चळवळीविषयी वाचताना स्मर्ना हे नाव वारंवार येतं. आजचं इझमीर. 1919मध्ये ग्रीक फौजा तिथं उतरल्या आणि इकडे हिंदुस्थानातला मुसलमान अस्वस्थ झाला. मध्यवर्ती खिलाफत कमिटीचं ठाणं मुंबईत होतं. तुर्कांच्या मदतीसाठी अंगोरा फंड गोळा होत होता. सप्टेंबर 1922मध्ये मुस्तफा कमाल यांच्या फौजांनी शहर परत घेतलं, तेव्हा आपल्याकडे आनंद झाला. आपल्या वाचनातली स्मर्नाची गोष्ट इथंच संपते.

पण त्या शहरातून हुसकल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांचं पुढं काय झालं? हा प्रश्न मला एका बास्केटबॉल कोचची कारकीर्द पाहताना पडला. त्यांचं नाव पानायोटिस यानाकिस.

त्यांचा जन्म 1959चा, अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराला लागून असलेल्या निकेआचा. हे गाव 1922नंतर आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेलं. जानेवारी 1923मध्ये लोझानला करार झाला आणि ग्रीस-तुर्कस्तानात सक्तीची अदलाबदल ठरली. सुमारे 12 लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, जवळपास 4 लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष भाषेचा नव्हता, फक्त धर्माचा होता. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरले, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ ठरले. पुढं पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना डॉ. आंबेडकरांनी याच अदलाबदलीचा दाखला दिला होता.

यानाकिस यांचा पहिला क्लब गावातलाच, इओनिकोस. इओनिया म्हणजे स्मर्नाच्या आसपासचा किनारा. सुटलेला मुलूख क्लबाच्या नावात जपलेला. 1984मध्ये ते थेसालोनिकीच्या आरिस क्लबात गेले. तिथं अमेरिकेत जन्मलेले निकोस गालिस आणि यानाकिस ही जोडी जमली आणि क्लबानं 1985पासून सलग 7 वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 1987मध्ये पिरेअसच्याच मैदानावर ग्रीसनं सोव्हिएत संघाला 103-101 असं हरवून युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. गालिसनी 40 गुण केले. कर्णधार होते यानाकिस. आरिस सोडल्यावर वर्षभर ते पानिओनिओसकडून खेळले. हा क्लब 1890मध्ये स्मर्नात स्थापन झालेला. 1922नंतर तो निर्वासितांबरोबर अथेन्सला आला आणि ‘नवं स्मर्ना’ नावाच्या वस्तीत रुजला. पुढं यानाकिस याच क्लबाचे कोचही झाले.

देशासाठी 351 सामने खेळलेला माणूस 1996मध्ये निवृत्त झाला आणि लगेच राष्ट्रीय संघाचा कोच झाला. 1997ची युरोपीय स्पर्धा आणि 1998ची जागतिक स्पर्धा, दोन्हीकडे चौथा क्रमांक. पदक नाही. मग काही वर्षं क्लबांची कामं केली आणि 2004मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं पुन्हा हाती घेतली. 2005मध्ये बेलग्रेडला ग्रीसनं जर्मनीला 78-62 असं हरवलं. खेळाडू म्हणून मिळवलेलं अजिंक्यपद 18 वर्षांनी कोच म्हणून परत आलं.

1 सप्टेंबर 2006चा दिवस मात्र वेगळाच. जपानमधल्या साइतामात जागतिक स्पर्धेचा उपान्त्य सामना, समोर लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड यांची अमेरिका. यानाकिस यांच्या संघातला एकही जण तेव्हा एनबीएत खेळत नव्हता. गालिससारखा 40 गुण करणाराही कुणी नव्हता. म्हणून त्यांनी भर दिला तो बचावावर आणि चेंडू योग्य हाती पोचवण्यावर. पापालुकास यांनी 12 वेळा इतरांना गुण करून दिले, स्पानुलिस यांनी 22 गुण केले. कॅमेरूनच्या आईचा मुलगा, धिप्पाड स्कोर्त्सानितिस, बास्केटखाली कुणाला आवरेना. ग्रीस 101, अमेरिका 95. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात स्पेननं ग्रीसला 70-47 असं चिरडलं, हेही सांगायला हवं.

1923च्या करारानं धर्म पाहून माणसं वाटली होती. त्या हिशेबात आफ्रिकेत जन्मलेल्या स्कोर्त्सानितिसचा रकाना कोणता? 2006मध्ये ग्रीसच्या रस्त्यांवर नाचणाऱ्यांना तो प्रश्न पडला नाही. खेळानं जखमा भरतात असा माझा दावा नाही. निकेआतल्या म्हाताऱ्यांची घरं परत मिळाली नाहीत, क्रीटच्या मुसलमानांचीही नाहीत.

पण आपण इतिहास वाचताना फक्त आपल्या माणसांचे अश्रू मोजतो. ग्रीक फौजांनी माघार घेताना जाळलेली तुर्की खेडी आपल्याला माहीत असतात. स्मर्नाच्या धक्क्यावर जहाजाची वाट बघत थांबलेली ख्रिस्ती कुटुंबं माहीत नसतात. ग्रीक वाचकाचं नेमकं उलट होत असेल. अंगोरा फंडाला पैसे देणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या नियतीत खोट नव्हती. त्यांना गोष्टीची एकच बाजू कळली होती, इतकंच. आपल्याला दोन्ही कळू शकतात, म्हणून आपली जबाबदारी त्यांच्याहून मोठी आहे.