सरकत्या दाताची कुळकथा

दिवाळीच्या सुमारास अकलूजला भरणाऱ्या घोडेबाजारात मुरलेला गिऱ्हाईक सौद्याला हात घालण्यापूर्वी जनावराचा ओठ वर करून दात पाहतो आणि वयाच्या बाबतीत विक्रेत्याच्या जबानीपेक्षा त्यांचीच साक्ष ग्राह्य मानतो. शालिहोत्र-परंपरेतील ग्रंथांतही ही परीक्षा सांगितलेली आहे. परंतु चघळून झिजणारा हा दात दरसाल दोन-तीन मिलिमीटर वर सरकत असूनही जबड्यातला आपला ताबा सोडत नाही, हे कोडे मात्र बाजारात सुटण्यासारखे नव्हते.

माणसाचाही दात सरकतो, ही जाण पुरातन आहे. दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा उगवल्यास पहिला काढून दुसरा रोज बोटाने ढकलीत जागेवर आणावा, असा इलाज इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने लिहून ठेवला. पुढे १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशारने धातूची पट्टी आणि दोरा यांचे साधन वर्णिले. इलाज होता, कारण अज्ञात होते.

ते १९०४-०५ मध्ये स्वीडनच्या कार्ल सँडस्टेडने उजेडात आणले. कुत्र्यांच्या दातांवर तारेचा दाब देऊन त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो दाबाच्या बाजूस हाड विरघळत होते आणि ताणाच्या बाजूस नवे रचले जात होते. दात व हाड यांमधील, मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या अस्थिबंधातील पेशी ताणल्या वा चेपल्या गेल्या, की आपल्या आवरणातील प्रथिनांच्या द्वारे तो जोर ओळखतात व रासायनिक संदेश सोडतात. त्या हुकुमानुसार कोठे अस्थिभक्षक पेशी कामाला लागतात, कोठे अस्थिजनक.

जोर वाढविला म्हणजे काम लवकर उरकते, हा व्यवहारातील समज येथे साफ खोटा ठरतो. दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून अधिक नसावा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमच असावा, असे श्वार्झ या संशोधकाने १९३२ मध्ये मांडले. कारण रक्त अडले की चेपलेल्या पेशी मरतात, तो भाग काचेसारखा निर्जीव होतो आणि दात अडून राहतो.

हाडाची फेररचना तुलनेने लवकर होते. हिरडीचे तंतू मात्र महिनोन्महिने जुन्या जागेकडे ओढ घेत राहतात. म्हणून दात सरळ करणाऱ्या तारा उतरल्यावर दंतवैद्य दात जागेवर धरून ठेवणारा जो रिटेनर देतात, तो ठरलेल्या मुदतीपर्यंत वापरावा. कंटाळून फडताळात टाकू नये.