काचेतला समुद्र: व्हिक्टोरियन इंग्लंडचे अ‍ॅक्वेरियमवेड आणि नवशिक्यांच्या चुका

१/
इ.स. १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत एक नवी वस्तू आली. पाण्याने भरलेली, आत जिवंत प्राणी आणि वनस्पती असलेली काचेची पेटी! सुमारे पंधरा वर्षांत हे वेड आले, फोफावले आणि ओसरलेही. या काळात घरोघरच्या टाक्यांत असंख्य जीव मेले. ते का मेले, हे समजून घेणे आज पहिली टाकी विकत घेणाऱ्यालाही उपयोगी पडेल. (धागा)

२/
पाण्यातले जीव घरात ठेवण्याची हौस त्याआधीही होती. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतके पाळले जात. १८३२ च्या सुमारास सिसिलीत जान व्हिलप्र-पॉवर या संशोधिकेने अर्गोनॉट या सागरी जीवाच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या तयार करून घेतल्या. अडचण मात्र सगळीकडे एकच होती. पाणी सतत बदलले नाही, तर आतले जीव गुदमरत.

३/
ही अडचण किती कष्टाची होती, हे अ‍ॅना थिन यांच्या अनुभवावरून कळते. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी मिळणे सोपे नव्हते. म्हणून उघड्या खिडकीपाशी तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळली जाई. हे काम बहुतेक वेळा घरातील मोलकरणीच्या वाट्याला येई. आजच्या एअर पंपाचे काम तेव्हा एका स्त्रीचे हात करत होते. पुढच्या वर्षी थिन यांनी पाण्यात सागरी वनस्पतीही ठेवल्या.

४/
या कामाला रसायनशास्त्राचा आधार दिला रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. वनस्पती हवा पुन्हा श्वसनयोग्य करतात, हे प्रीस्टली यांनी १७७० च्या दशकातच दाखवले होते. वॉरिंग्टन यांनी तेच तत्त्व पाण्याला लावले. सुमारे १२ गॅलनचे, म्हणजे ५५ लिटरांच्या आसपासचे भांडे त्यांनी घेतले आणि ते निम्मेच भरले. तळाशी वाळू, खडी आणि दगड, त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि लहानसे दोन गोल्डफिश. दोनच!

५/
काही काळाने वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवट थर चढला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. गोगलगायींनी कुजलेली पाने आणि हिरवा थर खाऊन टाकला आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली. पाणी न बदलता टाकी स्वच्छ राहिली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

६/
पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त होत होती. रेल्वेमुळे समुद्रकिनारा शहरवासीयांच्या आवाक्यात येत होता. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. त्यासाठी सागरी जीव पुरवणाऱ्यांपैकी एक होते निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस. १८५४ मध्ये त्यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही प्रसिद्ध केली.

७/
लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी केवळ अ‍ॅक्वेरियमच्या सामानाचे दुकान थाटले. १८५८ मध्ये त्यांनी टाक्या, समुद्रजल आणि जिवंत प्राणी यांची सचित्र किंमतसूची छापली. आता समुद्रफुले, खेकडे आणि शिंपले विकत मिळू लागले. हौस बाजारात आली. वॉरिंग्टन यांचा संयम मात्र दुकानात मिळणारा नव्हता. नवशिक्यांच्या चुका इथूनच सुरू होतात.

८/
पहिली चूक: गर्दी.
वॉरिंग्टन यांच्या भांड्यात सुमारे २७ लिटर पाणी आणि दोन लहान मासे होते. हौशी माणूस मात्र किनाऱ्यावर जे जे सापडेल ते एकाच लहान टाकीत भरी. पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो. १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅमच. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. त्यामुळे निमुळत्या तोंडाचे गोल भांडे दिसायला कितीही सुंदर असले, तरी माशांसाठी ते वाईटच.

९/
दुसरी चूक: वनस्पतींवर आंधळा विश्वास.
वनस्पती आहेत म्हणजे प्राणवायूची चिंता मिटली, असा समज पसरला होता. पण वनस्पती प्राणवायू देतात तो उजेडात. अंधारात त्या स्वतःच तो वापरतात. दाटीवाटीने भरलेल्या टाकीला रात्र म्हणूनच जड जाई. यावर उपाय म्हणून टाकी थेट उन्हात ठेवली, की पाणी तापे, प्राणवायू घटे आणि शेवाळ माजे.

१०/
तिसरी चूक: विजोड सोबत.
किनाऱ्यावरच्या खडकांतील डबक्यात खेकडा, मासा आणि समुद्रफूल एकत्र दिसतात. तिथे लपायला कपारी असतात आणि प्रत्येक भरतीला नवे पाणी येते. टाकीत यांतले काहीच नसते. खेकडा शेजाऱ्यांवर तुटून पडतो आणि समुद्रफूल जवळ आलेला लहान मासा गिळते. एकत्र आढळणारे जीव एकत्र नांदतातच असे नाही, हा धडा अनेकांना टाकीतल्या मृत जीवांकडे पाहूनच मिळाला.

११/
चौथी चूक सर्वांत महत्त्वाची: घाई.
माशांच्या उत्सर्गातून, उरलेल्या खाद्यातून आणि मेलेल्या जीवांतून अमोनिया तयार होतो. माशांसाठी तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वाळूत, खडीवर आणि दगडांवर वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी भरलेल्या टाकीत ते जवळजवळ नसतातच.

१२/
हे व्हिक्टोरियन हौशी मंडळींना माहीत असणे शक्यच नव्हते. नायट्रेट बनण्याची क्रिया सजीवांमुळे घडते, हे श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवले ते १८७७ मध्ये. विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे केले ते १८९० च्या सुमारास. तोवर अ‍ॅक्वेरियमची लाट कधीच ओसरली होती. वॉरिंग्टन यांनाही जिवाणूंची कल्पना नव्हती. पण थोडे मासे, तळाशी खडी, वाढणारी वनस्पती आणि बराच काळ केलेले निरीक्षण यांमुळे त्यांची टाकी टिकली. कारण अज्ञात होते, तरी पद्धत योग्य होती.

१३/
व्यवहारातून मात्र काही जण शिकत होते. लहान टाकीतले पाणी फार लवकर बिघडते, हे लॉइड यांनी ओळखले. १८६४ मध्ये हँबर्ग येथे आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे त्यांनी सार्वजनिक अ‍ॅक्वेरियमची रचना केली. तिथे मोठ्या, अंधाऱ्या साठ्यातले पाणी टाक्यांतून सतत फिरत राही. जीव मोजके, पाणी भरपूर, ही त्यामागची दृष्टी होती.

१४/
घरगुती टाक्यांचे मात्र हाल झाले. पाणी नासले, दुर्गंधी सुटली आणि टाक्या अडगळीत गेल्या. १८६८ मध्ये जे. जी. वुड यांनी हे वेड सरल्याची नोंद केली. पण मेलेल्या प्रत्येक जीवाची जागा भरण्यासाठी किनाऱ्यावरून नवा जीव आणला जात असे. त्यामुळे घरातल्या चुकीची किंमत दूरच्या किनाऱ्याने मोजली.

१५/
फिलिप गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात याची व्यथा मांडली आहे. बालपणी त्यांनी पाहिलेली खडकांतील समृद्ध डबकी हौशी संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून रिकामी केली होती. आपल्याच पुस्तकांच्या लोकप्रियतेमुळे हे घडले, याचे शल्य वडिलांनाही होते, असे एडमंड सांगतात. समुद्रावर प्रेम करायला शिकवणारे पुस्तक त्याच किनाऱ्याच्या विनाशाला निमित्त ठरले.

१६/
आज एअर पंप, फिल्टर आणि अमोनिया तपासण्याची साधने सहज मिळतात. तरीही टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणण्याचा मोह तोच आहे. या इतिहासातून निघणारे नियम साधे आहेत. टाकी शक्य तितकी मोठी आणि रुंद तोंडाची घ्यावी. ती आधी काही आठवडे तयार होऊ द्यावी. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करावी. मासे थोडे आणि टप्प्याटप्प्याने सोडावेत, एकमेकांच्या स्वभावाला मानवणारे निवडावेत. उरलेले खाद्य आणि मेलेला जीव लगेच काढावा. आणि मासा मेला, तर दुसरा आणण्याआधी पहिला का मेला हे शोधावे. व्हिक्टोरियन दिवाणखान्यांत बहुधा हेच राहून गेले.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास