टुल्सा, १९२१ : दंगल की हत्याकांड?

अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स ही नावं आपल्याला लगेच आठवतात. टुल्सा हे नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. ओक्लाहोमा राज्यातल्या या शहरात १९२१ साली कृष्णवर्णीयांची एक अख्खी वस्ती जाळली गेली. जाळपोळ एका दिवसाच्या आत संपली. त्यानंतर सुरू झालेलं कागदावरचं काम मात्र अनेक दशकं चाललं. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो या दुसऱ्या भागामुळे.

टुल्साजवळ १९०५ साली तेल सापडलं आणि शहर झपाट्याने वाढलं. १९०६ मध्ये ओ. डब्ल्यू. गर्ली या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने शहराच्या उत्तरेला जमीन घेतली आणि तिथले भूखंड आपल्या लोकांना विकायला सुरुवात केली. यातून ग्रीनवूड ही वस्ती उभी राहिली. ओक्लाहोमाला १९०७ साली राज्याचा दर्जा मिळाला. नव्या सिनेटने मंजूर केलेलं पहिलंच विधेयक रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे करण्याचं होतं. गोऱ्यांच्या बाजारात कृष्णवर्णीयांना धड वागणूक मिळत नव्हती. त्यामुळे ग्रीनवूडच्या लोकांचा पैसा ग्रीनवूडमध्येच फिरू लागला.

पुढच्या १५ वर्षांत तिथे काय नव्हतं? जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांचं ५४ खोल्यांचं हॉटेल होतं. लूला विल्यम्स या बाईंचं ‘ड्रीमलँड’ थिएटर होतं. वकील, डॉक्टर, किराणा दुकानं, शाळा, चर्च, स्वतःची वृत्तपत्रं होती. ए. सी. जॅक्सन यांच्यासारखा नावाजलेला सर्जन होता. पुढे या वस्तीला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हटलं जाऊ लागलं. हे नाव थोडं फसवं आहे. सुमारे १० हजारांच्या या वस्तीत बहुतेक लोक मोलकरणी, ड्रायव्हर, हमाल म्हणून गोऱ्यांकडे राबत होते. पण त्यांची कमाई आपल्याच माणसांच्या दुकानात खर्च होत होती, हे खरं.

३० मे १९२१ रोजी डिक रोलंड हा १९ वर्षांचा बूटपॉलिश करणारा तरुण ड्रेक्सेल बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट चालवणारी सारा पेज ही गोरी मुलगी ओरडली आणि तो पळाला. नेमकं काय घडलं हे कधीच सिद्ध झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. ‘टुल्सा ट्रिब्यून’ने दुपारच्या अंकात मुलीवर हल्ला झाल्याची भडक बातमी छापली. संध्याकाळी कोर्टाबाहेर गोऱ्यांचा जमाव जमला. आदल्याच वर्षी याच शहरात जमावाने एका कैद्याला तुरुंगातून ओढून नेऊन फाशी दिली होती. त्यामुळे रोलंडला वाचवायला ग्रीनवूडचे सुमारे ७५ जण बंदुका घेऊन कोर्टापाशी आले. त्यांत पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढलेले सैनिकही होते. झटापटीत गोळी सुटली आणि पुढचं सगळं त्या गोळीच्या नावावर लिहिलं गेलं.

पोलिसांनी शेकडो गोऱ्यांना जागच्या जागी ‘स्पेशल डेप्युटी’ नेमलं. १ जूनच्या पहाटे जमाव ग्रीनवूडमध्ये घुसला. आधी लूट झाली, मग घरं पेटवली गेली. विमानांतून हल्ला झाल्याचं प्रत्यक्षदर्शींनी नोंदवलं आहे. हात वर करून घराबाहेर आलेल्या डॉ. जॅक्सन यांना गोळी घालण्यात आली. सुमारे ३५ ब्लॉक राख झाले. रेडक्रॉसने जळालेली घरं मोजली, ती १,२५६ भरली. सरकारी कागदात मृत्यूंचा आकडा ३६ होता, अभ्यासकांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. घरं ज्यांची जळाली, अटकही त्यांनाच झाली. हजारो कृष्णवर्णीयांना मैदानांत आणि सभागृहात डांबलं गेलं. एखाद्या गोऱ्या मालकाने हमी दिली तरच सुटका होत होती.

डिक रोलंडवरचा खटला पुढे रद्द झाला, कारण सारा पेजला तो चालवायचाच नव्हता.

सरकारदरबारी या सगळ्याला नाव मिळालं ‘रेस रायट’. म्हणजे आपल्या भाषेत ‘वांशिक दंगल’. हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हता. विम्याच्या कागदात एक अट होती, दंगलीत झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही. त्या एका शब्दावर दावे फेटाळले गेले. ग्रीनवूडमध्ये थिएटर आणि हॉटेल असलेल्या विल्यम रेडफर्न यांनी विमा कंपनीला कोर्टात खेचलं. १९२६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. लोकांनी नगरपालिकेकडे भरपाई मागितली, तीही नाकारली गेली. अपवाद एकच, गहाणवटीचं दुकान चालवणारा एक गोरा. जमावाने त्याच्या दुकानातून नेलेल्या मालाचे पैसे त्याला मिळाले.

ग्रँड ज्युरीने महिन्याभरात अहवाल दिला आणि दोष कोर्टाकडे गेलेल्या सशस्त्र कृष्णवर्णीयांवर टाकला. जाळपोळ करणाऱ्या एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही. नगरपालिकेने तर आठवड्याच्या आत नवा नियम काढला. ग्रीनवूडमध्ये आता आगीला दाद न देणारी महागडी बांधकामंच करता येणार होती. घर जळालेल्या माणसाला हे परवडणार कुठून? हेतू उघड होता. जमीन रिकामी व्हावी.

बी. सी. फ्रँकलिन या वकिलाचं ऑफिसही जळालं होतं. त्यांनी तंबूत टेबल मांडलं, सहकाऱ्यांसोबत तो नियम कोर्टात लढवला आणि रद्द करून घेतला. लोकांनी ग्रीनवूड पुन्हा बांधलं. १९४० च्या दशकात तिथे पुन्हा २०० हून अधिक व्यवसाय चालू होते. पुढे शहर सुधारणेच्या नावाखाली वस्तीच्या मधून महामार्ग गेला आणि उरलेलंही विस्कटलं.

दरम्यान शहराने हा विषयच मिटवून टाकला. ‘ट्रिब्यून’च्या जतन केलेल्या अंकातून ती बातमी फाडून काढलेली आढळली. पाठ्यपुस्तकांत काही नव्हतं. पीडितांच्या घरांतही भीतीमुळे मुलांना सांगितलं जात नव्हतं. १९७१ साली एड व्हीलर या गोऱ्या पत्रकाराने ५० वर्षांनिमित्त लेख लिहिला, तेव्हा त्याला धमक्या आल्या.

तरीही आज आपल्याला इतके तपशील माहीत आहेत, ते पीडितांनी स्वतः लिहून ठेवल्यामुळे. मेरी पॅरिश ही टायपिंग शिकवणारी बाई. लहान मुलीला घेऊन ती त्या रात्री गोळीबारातून बाहेर पडली. नंतर तिने लोकांच्या साक्षी गोळा केल्या, जळालेल्या मालमत्तेच्या याद्या केल्या आणि मोजक्या प्रतींचं पुस्तक छापलं. पुढे अभ्यासकांना तेच कामी आलं. फ्रँकलिन यांनी १९३१ मध्ये टाइप केलेली दहा पानांची साक्ष २०१५ साली सापडली. त्यांचा मुलगा जॉन होप फ्रँकलिन अमेरिकेचा मोठा इतिहासकार झाला.

१९९७ साली राज्याने चौकशी आयोग नेमला. त्याच्याही नावात ‘दंगल’च होती. २००१ मध्ये आयोगाने भरपाईची शिफारस केली, ती राज्याने दिली नाही. २०१८ मध्ये शताब्दीची तयारी करणाऱ्या आयोगाने आपल्या नावातला ‘दंगल’ शब्द काढून ‘हत्याकांड’ केला. त्यासाठी ९७ वर्षं लागली. शंभरी ओलांडलेल्या हयात पीडितांचा दावा २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

आपल्याकडे ‘दोन गटांत दंगल’ ही ओळ वर्तमानपत्रात आपण किती सहज वाचून पुढे जातो! टुल्सा वाचल्यापासून मी तिथे थांबतो. घरं कुणाची जळाली, अटक कुणाला झाली, पंचनामा कुणी लिहिला आणि भरपाई कुणाला मिळाली? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ‘दंगल’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

टुल्साच्या ओकलॉन कब्रस्तानात आता बेनाम कबरी उकरून हाडांची डीएनए तपासणी चालू आहे. २०२४ मध्ये पहिल्यांदा एका माणसाची ओळख पटली. सी. एल. डॅनियल, महायुद्धातला सैनिक. १९३६ साली त्याच्या आईच्या वतीने वकिलाने सरकारला एक पत्र पाठवलं होतं. आपला मुलगा टुल्सात मारला गेला, हे त्यात लिहिलेलं होतं. ते पत्र ८८ वर्षं सरकारी दप्तरातच पडून होतं.