थीसियस आणि मिनोटॉर : बारी यांचे कांस्यशिल्प

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कांस्यशिल्पांत अँतोआन-लुई बारी (१७९५-१८७५) यांच्या ‘थीसियस आणि मिनोटॉर’ या शिल्पाला महत्त्वाचे स्थान आहे. १८४३ मध्ये साकारलेल्या या शिल्पाची उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर आहे; मात्र त्यातील झुंजीचा आवेश एखाद्या भव्य स्मारकाला साजेसा आहे.

ग्रीक पुराणकथेनुसार, क्रीटचा राजा मिनॉस याने बांधवून घेतलेल्या चक्रव्यूहात माणसाचे शरीर आणि बैलाचे मस्तक असलेला मिनोटॉर राहत असे. त्याचे भक्ष्य म्हणून अथेन्सला सात तरुण आणि सात तरुणी पाठवाव्या लागत. राजपुत्र थीसियस स्वतः त्यांच्यासोबत गेला आणि त्याने मिनोटॉरचा वध केला. राजकन्या एरियाडनीने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने तो सुखरूप बाहेर पडला.

बारी यांनी वधाच्या आधीचा क्षण निवडला आहे. थीसियसने आखूड तलवार उगारली आहे, तर मिनोटॉर त्याच्या अंगाला विळखा घालून झुंजतो आहे. एकाचा देह वेदनेने पिळवटलेला, तर दुसऱ्याची मुद्रा प्राचीन ग्रीक मूर्तीसारखी निर्विकार. या विरोधातच शिल्पाचे सामर्थ्य आहे. बारी यांची खरी ख्याती प्राणिशिल्पांसाठी होती. पॅरिसच्या ‘जार्दाँ दे प्लांत’ या उद्यानात चित्रकार देलाक्रवा यांच्यासह त्यांनी प्राण्यांच्या शरीररचनेचा बारकाईने अभ्यास केला होता.

सोनाराच्या घरात जन्मलेल्या या कलावंताला प्रस्थापितांचा विरोधही सोसावा लागला. ऑर्लिअँच्या ड्यूकसाठी केलेले त्यांचे शिकारीचे शिल्पसमूह १८३७ मध्ये ‘सलाँ’ या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी नाकारले. त्यानंतर बारी यांनी घरात ठेवता येतील अशी लहान शिल्पे स्वतःच ओतून विकण्यावर भर दिला. कलेत यश आले, व्यवहारात नाही. १८४८ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले आणि शिल्पांचे मूळ नमुने धनको भागीदाराच्या ताब्यात गेले. १८५७ पर्यंत बारी यांच्या देखरेखीविनाच त्या नमुन्यांवरून प्रती निघत राहिल्या. त्यांच्या निधनानंतर, १८७६ च्या लिलावात, बार्बदियेन या ओतशाळेने अनेक नमुने विकत घेतले आणि निर्मिती पुढे सुरू ठेवली.

त्यामुळे एकाच शिल्पाच्या प्रतींत दर्जाचा मोठा फरक आढळतो. शिल्पावर बारी यांचे नाव कोरलेले असणे एवढाच पुरावा पुरेसा ठरत नाही. तयार ब्राँझवरून साचा घेऊन ओतलेली प्रत, धातू थंड होताना आकुंचन पावत असल्याने, मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते आणि तिच्यातील बारकावेही बोथट होतात. बारी यांनी स्वतः तपासलेल्या प्रतींत मात्र स्नायूंचे उठाव आणि केसांच्या बटा स्पष्ट दिसतात. बारी यांच्या ब्राँझशिल्पांचा मोठा संग्रह अमेरिकेतील बाल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालयात आहे.