मॉर्फिया किती दिलं?

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या वाळूत 20 वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. 9 तारखेला टॅक्सीने 200 मैलांवरच्या पुण्यात नेलं; त्याच रात्री तो गेला.

वडील स्वतः दौंडला डॉक्टर. त्यांनी दावा लावला: नीट भूल न देता जोर लावून पाय ओढला, त्या धक्क्याने मुलगा दगावला. सर्जन म्हणाले, चरबीची गुठळी अडकली. भांडणाचा एक मोठा मुद्दा मॉर्फिया. इंजेक्शन एक दिलं की दोन? 2 मे 1968 ला सुप्रीम कोर्टात वडील जिंकले. भरपाई 3000 रुपये. पंधरा वर्षं, आणि तीही एका डॉक्टरला! आपल्यासारख्यांनी तर इंजेक्शनचं नावही विचारलं नसतं.

केसपेपर मागायचा पेशंटचा हक्क मुंबई हायकोर्टाने 1996 मध्ये मान्य केला. मागितल्यावर 72 तासांत कागद द्या, हा नियम 2002 चा. आमच्या जामनेरहून जळगावला दाखवायला निघालेल्यांच्या पिशवीत फाईल असतेच, पण बहुतेकदा डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टांची. भूल कोणती, किती, कधी दिली, हे आतल्या कागदांवर असतं. ते लेखी अर्ज करून मागायचे, आणि अर्जाच्या कॉपीवर तारखेसह पोच घ्यायची.