बोटांची वीस वर्षांची परीक्षा

'टाटाला नेलंय' एवढं कुणी म्हटलं की पेण-रोह्याकडे पुढचं विचारायची गरज पडत नाही. रोगाचं नाव तोंडून काढायचं नाही, म्हणून इस्पितळाचंच नाव रोगाला पडलं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. रोह्याला रेल्वे आली १९८६ साली. तोवर आजारी माणसाला परळला न्यायचं म्हणजे बहुधा एस.टी.चाच आधार.

पण स्तनाच्या कर्करोगात खरा वेळ जायचा तो घरातच. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. लावणी अडत नाही, डोक्यावरचा हंडा अडत नाही. मग सांगायचं कुणाला आणि कशाला? पुरुष डॉक्टरसमोर उभं राहायचा संकोच वेगळा, आणि शस्त्रक्रियेची भीती त्याहून मोठी.

ती भीती खोटी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदमच काढून टाकत. छाती खोलगट होई, हात सुजे. पाऊण शतक जगभरचे सर्जन हेच करत राहिले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केली. रोग लवकर सापडला असेल तर गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते, हे १९८०च्या दशकात सिद्ध झालं. म्हणजे लवकर सापडण्याला आता दुहेरी मोल आलं, जीव आणि स्तन दोन्ही वाचण्याची शक्यता.

लवकर सापडायचं कसं? १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि डॉक्टरांची तपासणी यांचा मोठा प्रयोग सुरू झाला. पुढे श्रीमंत देशांनी त्यातलं यंत्र उचललं. हाताला न लागणारी गाठही यंत्राला दिसते, हे खरंच आहे. पण यंत्र महाग, ते चित्र वाचणारा तज्ज्ञ त्याहून दुर्मीळ. शिवाय आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी होतो, आणि तरुण स्त्रीच्या घट्ट स्तनात एक्स-रे कमी पारखतो. कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या प्रयोगात पन्नाशीतल्या स्त्रियांचे दोन गट होते. एकाची फक्त हाताने काळजीपूर्वक तपासणी, दुसऱ्याला तीच तपासणी आणि वर मॅमोग्राफी. मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही.

टाटा रुग्णालयातले सर्जन डॉ. इंद्रनील मित्रा यांनी नेमकं हेच धरलं. नुसत्या हाताच्या तपासणीला संधी द्या, असा लेख त्यांनी १९९४ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिला, आणि १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. वीस वस्त्या, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. दहा वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या.

या तपासणीत मधल्या तीन बोटांची पेरं टेकवून लहान लहान वर्तुळं करत जायचं. आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, आणि काख विसरायची नाही. कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त हे डोळ्यांनी पाहायचं. शाडूत राहिलेला खडा पेणच्या मूर्तिकाराच्या बोटांना डोळ्यांआधी कळतो, तसंच हे सरावाचं काम आहे. सापडलेल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. ते ठरवायला पुढे सुईची तपासणी लागते.

उत्तर यायला वीस वर्षं लागली. २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते छापून आलं. तपासलेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले रोगी ३७ टक्के होते, न तपासलेल्या वस्त्यांत ४७ टक्के. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती आणि ती पक्की होती. पन्नाशीच्या आत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण बातम्यांत ३०चा आकडा तेवढा ठळक होतो.

या प्रयोगावर टीकाही झाली. दुसऱ्या दहा वस्त्यांतल्या बायकांना माहिती मिळाली, तपासणी नाही. विशेषतः त्याच प्रयोगातल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीवरून हा प्रश्न जोराने विचारला गेला. तो गैर नव्हता. पण त्या काळी अशी तपासणी देशात कुठल्याच वस्तीत नियमित होत नव्हती, आणि तुलनेवाचून तिचा उपयोग ठरला नसता, असं मला वाटतं.

रायगडपुरतं पाहिलं तर दरम्यान बरंच बदललं. टाटा स्मारक केंद्राची खारघरची संस्था, 'ॲक्ट्रेक', पनवेल तालुक्यात म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार तीत बसतात.

२०१६ साली केंद्र सरकारने तीस वर्षांपुढच्या स्त्रियांच्या स्तनतपासणीचा आराखडा काढला. गावपातळीवर आशाताई बायकांना गोळा करणार, प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासणार, शंका आली तर पुढे पाठवणार. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला. मुंबईच्या प्रयोगात तपासणी दर दोन वर्षांनी होती, सरकारी आराखड्यात ती पाच वर्षांनी आहे. त्यामुळे मुंबईचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आई-बहिणीला हा रोग झाला असेल तर धोका वाढतो, तेव्हा ते आरोग्यसेविकेला आधी सांगावं. मात्र बहुतेक रोगी बायकांच्या घरात तो पूर्वी कुणालाच झालेला नसतो. आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गाठ हाताला लागली, तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.