शिवराईचे दुर्मिळ प्रकार : ओळख, काल आणि मूल्य
(सातारा-सांगली परिसरातील नाण्यांच्या संदर्भात)

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात जुनी तांब्याची नाणी दाखविणारा मनुष्य बहुधा शिवराई दाखवितो, आणि ती छत्रपती शिवाजी महाराजांच्या हातची म्हणून दाखवितो. ही समजूत भाविक असली तरी निराधार नाही. नाण्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ ही अक्षरे स्पष्ट असतात. तथापि १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रूढ झालेला हा मुद्रालेख पुढे दीडशे वर्षांच्या आसपास चालू राहिला, आणि आज हाती येणाऱ्या शिवरायांपैकी बहुसंख्य महाराजांच्या निर्वाणानंतरच्या आहेत. तेव्हा शिवराईवरील नाव हे राजाचे नाव असले तरी तो कालनिर्णयाचा पुरावा नव्हे.

मृत राजाचे नाव नाण्यावर चालू ठेवण्याची ही रीत मराठ्यांपुरती मर्यादित नव्हती. मोगल बादशहाच्या नावाने रुपये पाडणाऱ्या अठराव्या शतकातील किती तरी सत्तांना त्या बादशहाच्या हुकमतीशी काही कर्तव्य नव्हते. बाजारात ज्या नावावर विश्वास बसला ते नाव बदलण्यात व्यापाराची हानी होती, एवढेच. मराठी राज्यातही हाच व्यवहार दिसतो. चांदीचा रुपया मोगली धाटणीचा व फारसी लेखाचा राहिला, आणि तांब्याचा पैसा ‘शिव’ नावाचा राहिला.

सातारा-सांगली भागात मात्र या सामान्य विधानाला एक वेगळी अडचण जोडली जाते. ‘राजा शिव’ या नावाचा अधिकारी पुरुष एकच नव्हता. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी गादीवर बसविलेला पुत्र शिवाजीच होता, आणि पुढे कोल्हापूरच्या गादीवर १८१३ पर्यंत दीर्घकाळ राहिलेल्या राजाचे नावही शिवाजीच. १७०८ पासून साताऱ्यास शाहू महाराजांची गादी, दक्षिणेस कोल्हापूरची. दोहोंमधील सीमा १७३१ च्या तहाने वारणेवर ठरली. याचा अर्थ असा की वारणेच्या उत्तरेस ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे रूढीने कोरलेली असू शकतात आणि दक्षिणेस तीच अक्षरे राज्यावर असलेल्या राजाचे नाव म्हणून कोरलेली असू शकतात. नाणे तेच, लेख तोच, अर्थ निराळा. हा भेद नाण्याकडे कितीही वेळ पाहून उकलत नाही. नाणे कोठे व कशाबरोबर सापडले हे ठाऊक असेल तरच तो उकलण्याची आशा धरता येते.

शिवराईच्या प्रकारांची पहिली पद्धतशीर पाहणी अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी केली. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून ते अधिक परिचित आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिवराई अद्याप बाजारात फिरत असतानाच, त्यांनी सुमारे २५,००० नाणी तपासली आणि त्यांचे लेखभेद नोंदवून आपला निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या कामाचे महत्त्व संख्येत आहे. दहा-वीस नाणी पाहणाऱ्याला प्रत्येक नाणे अपूर्व वाटते. हजारो पाहणाऱ्याला नेहमीचे कोणते आणि क्वचित येणारे कोणते हे कळते. दुर्मिळतेविषयी बोलण्याचा अधिकार या दुसऱ्या प्रकारच्या पाहणीतूनच येतो.

ॲबट यांच्यानंतरच्या संग्राहकांनी लेखभेदांना कधी कधी नको तितके महत्त्व दिले आहे. ‘शिव’, ‘सिव’, ‘शीव’. ‘छत्रपति’, ‘छत्रपती’, असे पाठ आढळतात, आणि शुद्ध पाठ तो जुना, अशुद्ध पाठ तो नंतरचा, असा सोपा नियम लावला जातो. हा नियम जपून वापरावयास हवा. त्या काळच्या मराठी लेखनात श आणि स यांची अदलाबदल नित्याची होती, आणि मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद व्यवहारात पाळला जात नसे. मोडीला सरावलेल्या ठसेकाराने बालबोधीत ‘ती’ कोरली तर तो त्याचा हात झाला; तो कोणत्या दशकात बसून कोरीत होता हे त्यावरून सिद्ध होत नाही. अक्षरांचे वळण, ‘श्री’ची घडण, काठावरील ठिपक्यांचे वर्तुळ, चकतीची जाडी आणि वजन ही सर्व एकत्र पाहिली तरच काही क्रम लागतो. आरंभीची नाणी साधारणतः अकरा ते तेरा ग्रॅमपर्यंत भरतात, उत्तरकालीन नाणी त्याहून हलकी असतात. अर्थात झीज व कापाकाप लक्षात घेता एका नाण्याचे वजन फारसे बोलके नसते. अनेक नाण्यांचे वजन बोलते.

खोट्या ‘प्रकारां’चा उगम पाडण्याच्या पद्धतीत आहे. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, आणि घणाचा घाव नेहमीच मध्यावर बसत नसे. म्हणून नाण्यावर लेखाचा काही भागच उतरे. ‘पति’ची वेलांटी काठाबाहेर गेली की तिचा ‘पत’ होतो आणि विक्रेत्याच्या यादीत एक नवा प्रकार जन्मास येतो. घाव दुबार बसला की अक्षरे जोडीने दिसतात. तोही प्रकार नव्हे, ती चूक होय. ठशावरच जे कोरलेले होते आणि म्हणून एकाहून अधिक नाण्यांवर उतरले, त्यालाच प्रकार म्हणणे योग्य.

यंत्राने पाडलेल्या नाण्यांच्या अभ्यासात हा प्रश्न तुलनेने सुकर असतो, आणि म्हणूनच तेथील पद्धती येथे जशीच्या तशी लावता येत नाही. कॅनडाच्या १८५९ च्या सेंटवरील अंत्य ९ अरुंद की रुंद, एवढ्या भेदावर तेथे प्रकार ठरतात. वर्ष नाण्यावरच असते आणि ठशांचे अनुबंध जुळविता येतात. तरीही टांकसाळीची नोंद म्हणजे दुर्मिळतेचे माप नव्हे. आठव्या एडवर्डच्या पदत्यागामुळे नवे ठसे वेळेवर मिळाले नाहीत, म्हणून १९३७ च्या आरंभी १९३६ सालाखाली ठिपका देऊन सेंट पाडल्याचे सांगतात. नोंदीत त्यांची संख्या पावणेसात लाखांहून अधिक, आणि आज ज्ञात नाणी तीन. शिवराईला साल नाही, टांकसाळीचे नाव नाही, पाडल्याची संख्या नाही. तेव्हा तिच्या बाबतीत ‘अमुक इतकीच उपलब्ध’ असे विधान करणाऱ्याने आपण किती नाणी पाहिली हे आधी सांगावे.

निश्चितपणे दुर्मिळ म्हणता येतील अशा तांब्याच्या नाण्यांत ‘राजा शंभु’ आणि ‘राजा शाहु’ असे लेख असलेली नाणी येतात. रूढ नाव सोडून विद्यमान राजाचे नाव घेतल्यामुळे त्यांचा काल ठरतो, आणि त्यांचे खरे मोल यातच आहे. याउलट ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई उत्तरकालीन व विपुल आहे. तिचे नाव आकर्षक, एवढेच. चांदीच्या नाण्यांत साताऱ्याचे नाव शोधणाऱ्याने फारसीत ‘आझमतारा’ शोधावे, कारण १७०० मध्ये किल्ला घेतल्यावर औरंगजेबाने त्यास ते नाव दिले होते. ‘मुर्तजाबाद’ म्हणजे मिरज. काठाबाहेर गेलेल्या अक्षरांमुळे ही नावे अर्धवट उतरतात व मराठी रुपया मोगली म्हणून विकला जातो. विद्यार्थ्याने येथे विशेष सावध असावे.

पटवर्धनांच्या संस्थानांशी जोडली जाणारी ‘श्री गणपति’ आणि ‘श्री पंतप्रधान’ या लेखांची नाणी हा आणखी नाजूक विषय. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी चुलते गंगाधरराव यांच्यापासून विभक्त होऊन सांगली हे आपले ठाणे केले. तत्पूर्वी सांगलीच्या नाण्याची कल्पनाच संभवत नाही. गणपती हे पटवर्धनांचे आराध्य दैवत दोन्ही शाखांना समान. पंतप्रधानपद १८१८ मध्ये संपले, तेव्हा लेख त्याआधीचा मानण्याकडे मन झुकते. परंतु रूढ लेख सत्ता संपल्यावरही चालू राहतात हे शिवराईनेच दाखविले आहे. म्हणून ही नाणी छातीठोकपणे ‘सांगलीची’ म्हणणारी चिठ्ठी फार तर एक अनुमान आहे.

मूल्याचा विचार त्या काळीही होता. १६७४ मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन यांच्याशी झालेल्या बोलण्यात मुंबईचे नाणे स्वराज्यात चालावे असे कलम आले असता महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. कस आणि वजन पाहून बट्टा ठरविणाऱ्या सराफाची दृष्टी यात आहे. आजचा बाजार याच्या उलट चालतो. तांब्याचे मोल नगण्य, नावाचे अमाप. आणि ‘शिवकालीन’ हा शब्द चिठ्ठीवर लागला की सामान्य शिवराईची किंमत वाढते. सोन्याच्या होनाबाबत तर अस्सल नाणी मोजकी व ओतीव नकला पुष्कळ. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बारीक छिद्रे असतात आणि काठावर साच्याची सांध घासल्याची खूण राहते. ठशाखाली पडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा धारदार असून धातू दबून बाहेर सरकलेला दिसतो.

बाजारात सर्वांत स्वस्त आणि अभ्यासात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सापडल्या ठिकाणची नोंद. तीही या भागात सरळ वाचता येत नाही. तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या नोंदीतील ‘सातारा जिल्हा’ हे शब्द वारणाकाठच्या गावासही लागू पडू शकतात, आणि ज्या सीमेवर अर्थाचा भेद अवलंबून आहे तिच्या कोणत्या बाजूचे हे नाणे, ते गावाचे नाव असल्यावाचून ठरत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे भाग असते; पण नांगराच्या फाळाला लागलेले मडके पुष्कळदा आधी तांबटाकडे किंवा सराफाकडे पोहोचते, नाणी वाटली जातात, आणि चांगली तेवढी निवडून निघतात. उरलेली, झिजलेली, कोणाला नको असलेली नाणीच त्या साठ्याचा काल सांगणारी असतात. ती वितळण्यापूर्वी त्यांचे वजन, दोन्ही बाजूंचा ठसा आणि गावाचे नाव एवढे जरी टिपून ठेवले, तरी वारणेच्या उत्तरेची व दक्षिणेची शिवराई वेगळी काढण्याच्या कामास आरंभ होईल.